हार्ड डिस्कची वाटणी : एका निवडीचा इतिहास

याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' या टीकेत विज्ञानेश्वराने विभागाची जी व्याख्या केली आहे, तिचे मर्म असे की, विभाग म्हणजे वस्तूचे तुकडे करणे नव्हे. एकत्र असलेल्या द्रव्यसमुदायावर अनेकांचे जे स्वामित्व असते, ते त्या समुदायाच्या एकेका अंशापुरते निश्चित करून देणे म्हणजे विभाग होय. जमीन होती तेथेच राहते, तिच्यावरील हक्काची व्यवस्था मात्र बदलते. चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळी कल्याणीस बसून ही व्याख्या करणाऱ्या विज्ञानेश्वरासमोर कुटुंबाची मालमत्ता होती. परंतु संगणकाच्या हार्ड डिस्कवर ज्याला पार्टिशन म्हणतात त्याचे वर्णन करावयास याहून नेमकी व्याख्या सापडणे कठीण आहे. हार्ड डिस्कचे पार्टिशन करताना चकती कापली जात नाही किंवा तिच्यावर ओरखडाही उमटत नाही. चकतीच्या आरंभी असलेल्या एका लहानशा कोष्टकात 'अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंतचा भाग अमुक व्यवस्थेचा' अशी नोंद होते, एवढेच. हे काम कोणत्या आज्ञावलीकडून करून घ्यावे हा प्रश्न वरवर पाहता दुकानदारीचा वाटतो. वस्तुतः तो वाटणी कोणी करावयाची, कोणाच्या संमतीने करावयाची आणि संमती देणाऱ्यास प्रश्न कोणत्या भाषेत विचारावयाचा, असा आहे. त्याचा इतिहास चाळीस वर्षांहून थोडा अधिक आहे.

नवी मुंबईच्या रहिवाशास या विषयाची परिभाषा समजावून देणे तुलनेने सोपे जाते, याचे कारण 'सेक्टर' हा शब्द. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नव्या नगराची आखणी झाली आणि जेथे सर्वे नंबर, हिस्सा व पोटहिस्सा ही भाषा चालत होती तेथे नोड, सेक्टर व प्लॉट ही भाषा आली. येथील सेक्टरांच्या क्रमांकांची एक खोड अशी की, ते प्रत्येक नोडमध्ये पुन्हा १ पासून सुरू होतात. नुसते 'सेक्टर ७' म्हटल्याने पत्ता लागत नाही; वाशीतला, बेलापूरचा की खारघरचा, हे सांगावे लागते. हार्ड डिस्कच्या जुन्या पद्धतीतही हेच होते. चकतीवरील प्रत्येक वर्तुळाकार पट्ट्यावर सेक्टरांचे क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होत, म्हणून पत्ता देताना सिलिंडर, हेड व सेक्टर हे तिन्ही आकडे द्यावे लागत. सेक्टरसाठी सहा द्विमान अंकांची जागा ठेवली होती. शून्य वगळल्यामुळे एका पट्ट्यावर ६३ हून अधिक सेक्टरांची गणना होऊ शकत नसे. पुढे सर्व सेक्टरांना एकच सलग क्रमांक देण्याची पद्धत आली. नगररचनाकारांना हे अद्याप साधलेले नाही!

१९५६ मध्ये आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' यंत्राबरोबर चकत्यांची पहिली साठवण बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या आणि त्यांवर पन्नास लक्ष अक्षरे, असे तिचे स्वरूप होते. त्या काळी वाटणीचा प्रश्न एका व्यक्तीचा नव्हताच. यंत्र संस्थेचे, आणि त्याची व्यवस्था यंत्रशाळेतील अधिकाऱ्यांची. प्रश्न घरगुती झाला तो मार्च १९८३ मध्ये. त्या महिन्यात आयबीएमने 'पीसी एक्सटी' हे यंत्र १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह विक्रीस काढले आणि त्यासोबतच्या डॉस २.० मध्ये 'एफडिस्क' नावाची आज्ञावली दिली. चकतीच्या पहिल्या सेक्टरमधील ५१२ बाइटांची वाटणी त्या वेळी जी ठरली ती अशी : ४४६ बाइट यंत्र चालू होताना वाचावयाच्या आज्ञांसाठी, ६४ बाइट कोष्टकासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. कोष्टकातील एकेक नोंद १६ बाइटांची, म्हणून चारच नोंदी मावतात. एका चकतीवर चारच मुख्य हिस्से, हा नियम पुढे दीर्घकाळ पाळला गेला. त्याच्या मुळाशी कोणतेही तत्त्व नव्हते; एका सेक्टरमध्ये जागा उरली होती तेवढी वापरली गेली.

१० मेगाबाइटची चकती तरी वाटावी कशाला, असा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याला पडेल. त्याचे उत्तर त्या काळच्या अनिश्चिततेत आहे. डॉस ही एकच कार्यप्रणाली जगेल असे कोणास ठाऊक नव्हते. सीपीएम-८६ होती, झेनिक्स होती. एकाच यंत्रावर दोन-तीन प्रणाली नांदाव्यात आणि एकीने दुसरीच्या हद्दीत पाऊल टाकू नये, यासाठी ही हद्दनिश्चिती होती. म्हणजे पहिला विभाग हा सहदायादांमधला होता, एका मालकाच्या खोल्यांमधला नव्हे. खोल्या पाडण्याचा विचार नंतर आला, आणि तो हौसेने आला नाही. डॉस एका हिस्स्यातील सेक्टर मोजण्यासाठी सोळा द्विमान अंक वापरी. त्यामुळे ६५,५३६ सेक्टर, म्हणजे ३२ मेगाबाइट, ही एका हिस्स्याची कमाल मर्यादा झाली. चकत्या मात्र वाढत चालल्या. ४० मेगाबाइटची चकती विकत घेणाऱ्याला तिचे दोन हिस्से पाडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १९८७ मधील डॉस ३.३ ने चौथ्याच्या पोटात आणखी हिस्से पाडण्याची सोय केली. त्या मोठ्या हिस्स्यास 'एक्सटेंडेड' व पोटातील भागांस 'लॉजिकल' अशी नावे मिळाली. महसुलाच्या दप्तरात ज्याला पोटहिस्सा म्हणतात तोच हा प्रकार होय, आणि मराठीत त्याला दुसरे नाव शोधण्याची गरज नव्हती. १९८८ मध्ये डॉस ४.० ने ३२ मेगाबाइटची मर्यादा उठवली. तोपर्यंत 'सी', 'डी', 'ई' अशा अक्षरांनी घराच्या खोल्या ओळखण्याची सवय जडली होती, आणि कारण नाहीसे झाल्यावरही सवय राहिली.

याच काळात निवडीचा प्रश्न प्रथम उभा राहिला. डॉसबरोबर फुकट मिळणारी एफडिस्क एका बाजूला आणि चकती बनवणाऱ्या कंपन्या आपल्या मालासोबत देत त्या 'ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर'सारख्या आज्ञावली दुसऱ्या बाजूला. दुसरीचा पक्ष असा की, यंत्राला जी चकती पूर्ण ओळखता येत नाही ती ओळखवून देण्याची युक्ती तिच्यापाशी होती. १,०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर या तीन मर्यादा एकत्र आल्या की गुणाकार सुमारे ५२८ दशलक्ष बाइटांवर थांबे, आणि त्यापुढील जागा जुन्या यंत्राला दिसतच नसे. डिस्क मॅनेजर चकतीच्या आरंभी आपला एक दुभाषा बसवी व तो यंत्राला खोटे पण उपयुक्त आकडे सांगे. अडचण एवढीच की, दुभाषा नाहीसा झाला की पलीकडचे बोलणे कळेनासे होई. अशी चकती दुसऱ्या यंत्रास जोडली, किंवा पहिला सेक्टर कोणी अजाणता पुन्हा लिहिला, तर सर्व सामग्री जागच्या जागी असूनही अप्राप्य होत असे. सोय जितकी मोठी, तितके परावलंबन मोठे, असे या साधनाचे स्वरूप होते. त्या पिढीतील जाणकारांनी एफडिस्कला दिलेली पसंती जुनाटपणाची नव्हती.

एफडिस्कचा मोठा दोष मात्र मान्य केला पाहिजे. तिला हद्द हलवता येत नसे. हिस्सा लहान वा मोठा करावयाचा तर तो आधी काढून टाकावा, नवा आखावा व त्याचे फॉरमॅट करावे. म्हणजे आतील सर्व सामग्री गमावावी किंवा आधीच अन्यत्र उतरवून ठेवावी. उतरवून ठेवण्याचे साधन म्हणजे फ्लॉपी, आणि तिची क्षमता १.४४ मेगाबाइट. शेकडो मेगाबाइटची चकती फ्लॉप्यांवर उतरवणे हे तत्त्वतः शक्य व व्यवहारतः अशक्य असे काम होते.

ही कोंडी दोन दिशांनी फुटली. १९९३ च्या सुमारास आर्नो शेफर यांनी 'फिप्स' नावाची एक छोटी आज्ञावली विनामूल्य उपलब्ध करून दिली. तिची पद्धत साधी होती. हिस्स्यातील सामग्री आधी दुसऱ्या साधनाने आरंभाकडे गोळा करून घ्यावयाची. मग शेवटी जी रिकामी जागा राहील तेथे फिप्स रेघ मारी व कोष्टकातील नोंद बदली. ती सामग्रीला हात लावीत नसे. ज्याला डॉस ठेवून लिनक्स शेजारी वसवावयाचे होते त्याच्यासाठी हे वरदान होते आणि लिनक्सच्या अनेक वितरणांबरोबर ती दिली जाऊ लागली. दुसरी दिशा व्यापाराची. अमेरिकेतील यूटा राज्यातील पॉवरक्वेस्ट कंपनीची 'पार्टिशनमॅजिक' ही आज्ञावली हिस्सा लहान करी, मोठा करी, उचलून बाजूला सरकवी, एका प्रकारचा दुसऱ्या प्रकारात बदली; आणि हे सारे रंगीत पट्ट्यांचे चित्र दाखवून, माऊसने ओढून. नावातील जादूचा दावा पोकळ नव्हता. परंतु जादूगाराच्या पेटीत काय चालले आहे ते प्रेक्षकाला कळू नये असा जादूचा नियमच असतो, आणि येथे प्रेक्षक हाच पेटीतील मालाचा धनी होता.

आत काय चालते हे समजल्याखेरीज निवड करता येत नाही, म्हणून येथे किंचित थांबणे अवश्य आहे. हिस्सा आणि त्या हिस्स्याच्या आतील फाइलव्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे कुंपण, दुसरी म्हणजे आतील घराची रचना व तिची यादी. हिस्सा लहान करताना आधी फाइलव्यवस्था आक्रसून घ्यावी लागते आणि मग कुंपण आत आणावे लागते. मोठा करताना आधी कुंपण बाहेर न्यावे लागते आणि मग फाइलव्यवस्था पसरू द्यावी लागते. हा क्रम चुकला तर कुंपण घराच्या भिंतीतून जाते. हिस्स्याचा आरंभच पुढे-मागे सरकवावयाचा असेल तर आतील सर्व सामग्री एकेक करून नव्या जागी नकलावी लागते. यास तास-दोन तास सहज लागतात, आणि त्या अवधीत सामग्री अर्धी जुन्या पत्त्यावर व अर्धी नव्या पत्त्यावर असते. या वेळी वीज गेली तर काय होईल, ते सांगावयास नको. महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती हे ध्यानात घेतले, म्हणजे दुरुस्तीच्या दुकानांतून 'फॉरमॅट मारा आणि नव्याने पार्टिशन पाडा' हाच सल्ला सर्रास का मिळत असे, याचा उलगडा होतो. एफडिस्कचे काम क्षणात होई. पार्टिशनमॅजिकच्या कामाला अखंड वीज लागे. जे साधन अमेरिकेत अधिक सुरक्षित, तेच येथे यूपीएसविना अधिक धोक्याचे, असा हा उलटा न्याय होता. साधनांची तुलना करणाऱ्या पाश्चात्त्य लेखनात हा मुद्दा सापडला नाही तर त्यात नवल नाही.

आता भाषेचा प्रश्न. 'फॉरमॅट मारणे', 'पार्टिशन पाडणे' हे वाक्प्रचार मराठीने स्वतः घडवलेले आहेत आणि ते निर्दोष आहेत. 'पाडणे' हे क्रियापद प्लॉट पाडण्यावरून आले असावे. 'पार्टिशन' हा शब्द तर मुंबईकराला खोलीतील लाकडी आडभिंतीमुळे संगणकापूर्वीच ठाऊक होता. बोलण्यातील मराठी अशी सज्ज असताना पडद्यावरील मराठीला मात्र फार उशीर झाला.

त्याचे पहिले कारण लिपीचे होते. डॉसच्या पडद्यावर प्रत्येक अक्षरासाठी ठरावीक रुंदीचे एक घर असते. त्या घरांत रोमन अक्षरे बसतात. जोडाक्षरे, वेलांट्या व रफार बसत नाहीत. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले व १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान या अडचणीवरचा एक धाडसी उपाय होता. यंत्रात एक जादा कार्ड बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. परंतु कार्डाने लिपी दाखवता येते, दुसऱ्याच्या आज्ञावलीतील इंग्रजी वाक्याचे मराठी होत नाही. एफडिस्कचा इशारा इंग्रजीतच राहिला. त्या इशाऱ्यात एक शहाणपण मात्र होते, त्याची नोंद घेतली पाहिजे. नंतरच्या आवृत्त्यांत हिस्सा काढून टाकण्यापूर्वी त्या हिस्स्याला दिलेले नाव वापरणाऱ्याला स्वतः टंकावे लागे. 'वाय' ही कळ नकळत दाबली जाऊ शकते, नाव नकळत टंकले जात नाही. इंग्रजी न कळणाऱ्यालाही येथे क्षणभर थांबावे लागे. आजच्या सुबक पडद्यांनी हे थांबणे काढून टाकले, ही सुधारणा म्हणावी की नाही याबद्दल शंका आहे.

देवनागरीची तांत्रिक अडचण पुढे क्रमाने दूर झाली, आणि तिच्या निवारणात मुंबई परिसराचा वाटा मोठा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून १९८५ मध्ये 'एनसीएसटी' ही सॉफ्टवेअर-तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. जुहूबरोबरच नवी मुंबईतही तिचे कार्यस्थान होते. २००३ मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. अक्षररचनाकार रा. कृ. जोशी यांनी आपल्या आयुष्याचा उत्तरकाळ या संस्थेत घालवला. विंडोज २००० बरोबर जो 'मंगल' हा देवनागरी टंक जगभर गेला त्याची रचना जोशी यांचीच. याच सी-डॅक, मुंबई येथील 'जनभारती' प्रकल्पाने मुक्त आज्ञावलींच्या भारतीय भाषांतील रूपांतराचे काम हाती घेतले. मात्र विंडोजच्या बाबतीत एक खोच राहून गेली, आणि ती या विषयात निर्णायक ठरते. विंडोजचे मराठी रूप हे भाषासंचाच्या द्वारे येत असे, आणि हा संच आधीच बसवलेल्या प्रणालीवर चढवावयाचा असे. चकतीचे हिस्से पाडण्याचा प्रसंग त्याच्या आधीचा. म्हणजे नुकसानीचा संभव जेथे सर्वांत अधिक, तो एकच पडदा इंग्रजीत, आणि तो ओलांडून सुखरूप पलीकडे गेल्यावर मराठी स्वागताला उभी!

डेबियन या मुक्त प्रणालीत ही साखळी तुटली. एप्रिल २००७ मधील तिच्या ४.० या आवृत्तीत बसवणुकीसाठी चित्रमय पडदा प्रथमच आला. तोपर्यंतच्या निव्वळ अक्षरांच्या पडद्यावर देवनागरीची जुळणी होत नसल्याने हिंदी-मराठीसारख्या भाषांना वाव नव्हता. चित्रमय पडद्याने दार उघडले. फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीत बसवणुकीच्या भाषांची संख्या ६३ झाली आणि नव्याने आलेल्या भाषांत मराठी होती. यंत्र नव्याने उभे करताना, चकतीवर काहीही लिहिले जाण्यापूर्वी, मालकाला मराठीत प्रश्न विचारला जाण्याची ही व्यवस्था होती. हे काम स्वयंसेवी अनुवादकांनी केले, आणि मराठी संगणनाच्या इतिहासात त्याला जितके स्थान मिळावयास हवे तितके मिळालेले नाही.

तथापि ज्या शब्दाने हा प्रश्न विचारला गेला तो तपासून पाहण्यासारखा आहे. इंग्रजीतील 'पार्टिशन' हा शब्द क्रियेचाही वाचक आहे आणि त्या क्रियेतून निष्पन्न झालेल्या भागाचाही. मराठी येथे भेद करते. वाटणी, फाळणी, विभाजन ही क्रियेची नावे. वाटा, हिस्सा, भाग, विभाग ही फलाची. अनुवादात 'विभाजन' हा एकच शब्द दोन्ही अर्थी रूढ झाला. परिणाम असा की, 'विभाजन काढून टाका' अशी आज्ञा समोर आली तर सामान्य मराठी वाचक तिचा अर्थ 'केलेली विभागणी रद्द करा, भाग पुन्हा एक करा' असा घेईल, आणि मराठी म्हणून तोच अर्थ बरोबर आहे. भावांनी वाटणी मोडली म्हणजे कोणाचे शेत नाहीसे होत नाही. येथे मात्र आज्ञेचा आशय 'हा हिस्सा आतील सामग्रीसह सोडून द्या' असा आहे. निरुपद्रवी वाटणारे वाक्य घातक क्रियेला चिकटले. 'हिस्सा काढून टाका. त्यातील सर्व मजकूर जाईल' असे म्हटले असते तर संशयाला जागा उरली नसती. 'फाळणी' हा शब्द मोजणीखात्यात जमिनीच्या हिश्श्यांबाबत आजही चालतो, पण १९४७ ने त्याला जो रंग दिला त्यामुळे तो टाळला गेला असेल तर ते समजण्यासारखे आहे. 'हिस्सा' का टाळला गेला, याला मात्र संस्कृत शब्दच प्रतिष्ठित, या जुन्या समजाखेरीज दुसरे कारण दिसत नाही. परिभाषा घडवताना सात-बाराचा उतारा शब्दकोशाइतकाच उपयोगी पडतो, हे परिभाषा समित्यांना वारंवार सांगावे लागते.

सात-बाऱ्याचा दाखला आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. उताऱ्यावरील नाव कमी झाले म्हणून शेत नाहीसे होत नाही. तद्वतच कोष्टकातील नोंद पुसली म्हणून चकतीवरील सामग्री पुसली जात नाही. क्रिस्तोफ ग्रेनिए यांची 'टेस्टडिस्क' ही विनामूल्य आज्ञावली याच वस्तुस्थितीवर उभी आहे. ती चकतीवर फिरून फाइलव्यवस्थांच्या आरंभखुणा शोधते आणि त्यांवरून हरवलेले कोष्टक पुन्हा रचते. जुन्या गावाच्या हद्दीचे दगड शोधून नकाशा पुन्हा काढावा तसे हे काम आहे. मात्र यासाठी मधल्या काळात त्या जागेवर नवे काही लिहिलेले नसावे. शिवाय एसएसडी प्रकारच्या साठवणीत हा दिलासा पुरता खरा राहिलेला नाही. तेथे फॉरमॅट होताच प्रणाली साठवणीला 'ही जागा आता निरुपयोगी' असे कळवते आणि साठवण ती जागा आतून साफ करून टाकू शकते. हद्दीचे दगडच उरत नाहीत.

विद्यापीठांच्या दृष्टीने हा विषय गौण नाही. बोलींची ध्वनिमुद्रणे, हस्तलिखितांच्या प्रतिमा, जुन्या खासगी टंकांत टंकलेले प्रबंध हे सारे आज चकत्यांवर आहे. डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणाची सामग्री संस्थेच्या व्यवस्थेत जपली जाते. परंतु एखाद्या संशोधकाने आगरी वा कोळी बोलणाऱ्या वृद्धांची केलेली मुद्रणे बहुधा त्याच्याच यंत्रावर 'डी' हिस्स्यात असतात. प्रणाली बिघडली तर 'सी' पुसावा व 'डी' राखावा, या हेतूने पाडलेली ही वाटणी उपयोगी खरीच. पण दोन्ही हिस्से एकाच चकतीवर आहेत हे विसरले जाते. चकती निकामी झाली म्हणजे दोन्ही एकदम जातात. हिस्सा हा प्रतीचा पर्याय नव्हे.

साधनांच्या इतिहासाचा पुढील भाग थोडक्यात सांगता येतो. १९९९ च्या सुमारास अँड्र्यू क्लॉसेन व लेनर्ट बायटेनहेक यांनी 'जीएनयू पार्टेड' ही मुक्त आज्ञावली सुरू केली व २००४ मध्ये तिच्यावर 'जीपार्टेड' हा चित्रमय पडदा चढला. जे पूर्वी पैसे मोजून मिळे ते आता विनामूल्य व उघड्या रचनेसह मिळू लागले. २००३ मध्ये सिमँटेकने पॉवरक्वेस्ट विकत घेतली. पार्टिशनमॅजिक त्यानंतर वाढली नाही आणि काही वर्षांनी बंद पडली. २००७ मध्ये सामान्य विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या अंगभूत साधनात हिस्सा आक्रसण्याची सोय आली, पण जागचे न हलणारे काही मजकूर मध्ये आले की ते साधन तेथेच थांबते, मग पलीकडे कितीही मोकळी जागा असो. या उणिवेवरच ईझयूएस, मिनीटूल इत्यादींचा व्यवसाय उभा राहिला. त्यांच्या फुकट आवृत्त्यांत काही कामे होतात, आणि नेमके हवे ते काम पुष्कळदा विकतच्या आवृत्तीत असते.

जुने साधन ओळखीचे म्हणून वापरत राहण्यातही धोका आहे. १९८३ चे कोष्टक सेक्टर मोजण्यासाठी ३२ द्विमान अंक ठेवते, त्यामुळे ५१२ बाइटांच्या सेक्टरांनी सुमारे २ टेराबाइटपुढे त्याची मोजणी संपते. इंटेलने नव्या आरंभव्यवस्थेसोबत आखलेली 'जीपीटी' ही रचना सामान्यतः १२८ नोंदी ठेवते, कोष्टकाची दुसरी प्रत चकतीच्या शेवटी राखते आणि प्रत्येक प्रतीची बेरीज ताडून पाहते. ज्या रचनेने तीस वर्षे एकमेव प्रतीवर भिस्त ठेवली तिच्या तुलनेत हे शहाणपण उशिराचे, पण पुरे आहे. तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या पद्धतीचे एक नाममात्र कोष्टकही असते. 'सर्व जागा व्यापलेली आहे' एवढेच ते जुन्या साधनांना सांगते, जेणेकरून एफडिस्कच्या पिढीतील एखादी आज्ञावली चकती रिकामी समजून तिच्यावर रेघा ओढणार नाही. दुसरी बाब आरंभबिंदूची. जुनी साधने पहिला हिस्सा ६३ व्या सेक्टरपासून सुरू करीत. २०१० च्या सुमारास ४,०९६ बाइटांचे भौतिक सेक्टर असलेल्या चकत्या प्रचारात आल्या, आणि ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ या संख्येस ४,०९६ ने निःशेष भाग जात नाही. त्यामुळे तार्किक ठोकळा दोन भौतिक सेक्टरांवर अर्धवट बसतो आणि एका लिहिण्याच्या जागी चकतीला दोन ठिकाणी वाचून पुन्हा लिहावे लागते. व्हिस्टा व नंतरची साधने २,०४८ व्या सेक्टरपासून आरंभ करतात. ती जागा बरोबर १ मेगाबाइटवर येते. हिस्सा कोणत्या साधनाने पाडला हे वर्षांनंतरही अशा रीतीने ओळखता येते. वास्तूच्या जोत्यावरून काळ ठरवावा, तसेच.

आज नवे यंत्र खरेदी करणाऱ्यास हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ नवी आरंभव्यवस्था मागते; कारखान्यातून येणाऱ्या यंत्रात आरंभाचा एक, प्रणालीच्या राखीव वापराचा एक, मालकाचा एक आणि पुनःस्थापनेचा एक असे हिस्से आधीच पाडलेले असतात. त्यांपैकी पहिला, दुसरा व चौथा यांना अक्षर दिलेले नसते, म्हणून ते मालकाला दिसत नाहीत. दुरुस्तीच्या दुकानात कोणी जीपार्टेड उघडले म्हणजे ते दिसू लागतात, आणि 'हे काय आहे, काढून टाकू का?' असा प्रश्न तेथे मराठीतच विचारला जातो.